वेळासचीं कांसवें

शंकराच्या कोणत्याहि जुन्या देवळांत नंदीचें दर्शन घेऊन गाभाऱ्याकडे वळलें, कीं वाटेंत फरशीवर कोरलेलें एक दगडी कांसव लागतें. त्याच्या पाठीवर दोन फुलें, चार अक्षता, क्वचित् एखादें नाणें ठेवलेलें असतें. आपले अवयव आंखडून घेणारा हा प्राणी इंद्रियनिग्रहाची खूण म्हणून तेथें बसविलेला आहे, असें घरच्या वडील माणसांनीं आपणांस लहानपणीं सांगितलेलें असतें. गीतेंतील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांतहि हाच दृष्टांत आलेला आहे. पुराणांत जावें तर समुद्रमंथनाच्या वेळीं मंदर पर्वत पाठीवर तोलून धरणारा कूर्म भेटतो. आणि संतांच्या वाङ्मयांत आपल्या पिल्लांना केवळ नजरेनें वाढविणारी कांसवी भेटते. पिल्लें ह्या तीरावर, आई त्या तीरावर. ना ती पाजते, ना भरवते. तिची कृपादृष्टि हेंच त्यांचें अन्न. ज्ञानेश्वर महाराजांपासून तुकोबांपर्यंत अनेकांनीं गुरूच्या व देवाच्या कृपेला ही उपमा योजिली आहे.

म्हणजे कांसव मराठी घराला परकें नाहीं. परंतु दगडांतील आणि ओव्यांतील हें कांसव खऱ्या समुद्रांतून खऱ्या वाळूवर येतांना पाहिलेलीं माणसें आपल्यांत फार थोडीं. हा योग ज्या ठिकाणीं येण्याचा पुष्कळ संभव आहे असें महाराष्ट्रांतील एक गांव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांतील वेळास होय.

मुंबईहून निघा कीं पुण्याहून, वेळासला पोंचावयास रस्त्यानें दोनशें-सवादोनशें किलोमीटरांची मजल मारावी लागते. एक वाट मंडणगडावरून वळणें घेत खालीं उतरते. दुसरी रायगड जिल्ह्यांतून, श्रीवर्धन-हरिहरेश्वराच्या बाजूनें येते. बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीवर मोटारींसकट माणसें पलीकडे नेणारी फेरीबोट आहे, ती वेसवीच्या धक्क्याला लागते. आम्ही ह्या दुसऱ्या वाटेनें गेलों. खाडी ओलांडून थोडें पुढें गेलें, कीं टेकडीवर जांभ्या दगडाचा बाणकोटचा किल्ला दिसूं लागतो. मराठ्यांनीं त्याला हिम्मतगड म्हटलें. १७५६ च्या तहानें तो इंग्रजांच्या ताब्यांत गेला, तेव्हां त्यांनीं त्याचें नांव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलें. आज दोन्हीं नांवें मागें पडून किल्ला पुन्हां नुसता बाणकोटचाच राहिला आहे. किल्ल्याखालून, समुद्र उजव्या हाताला ठेवून, रस्ता वेळासकडे जातो.

इतिहासाच्या वाचकांना वेळासचें नांव निराळ्या कारणानें ठाऊक असतें. नाना फडणिसांच्या भानु घराण्याचें हें मूळ गांव. हे भानु वेळासचे महाजन. श्रीवर्धनचे भट देशावर गेले, त्यांच्या पाठोपाठ वेळासचे भानुहि गेले, आणि एका घराण्याला पेशवाई व दुसऱ्याला फडणिशी मिळाली. स्वतः नानांचा जन्म १७४२ मध्यें साताऱ्यास व मृत्यु १८०० मध्यें पुण्यास झाला. तरी गांव त्यांना आपलें मानतें. गांवांत त्यांचें स्मारक आहे. नारळीपोफळींच्या सांवलींत, जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणाऱ्या पाखाड्या, कौलारू घरें, शेणानें सारवलेलीं अंगणें, देवळाच्या आवारांतील गारवा, हें सर्व कोंकणांतील अनेक गांवांसारखेंच. फरक एवढाच कीं, फाल्गुन-चैत्रांत येथें कोणाच्याहि ओटीवर बसलें तरी पहिलें बोलणें आंब्याच्या मोहोरावर न निघतां, "आज घरट्यांतून किती निघालीं?" ह्यावर निघतें.

घरट्यांतून निघावयाचीं तीं ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कांसवाचीं पिल्लें. पाठीचा रंग ऑलिव्हच्या फळासारखा हिरवट करडा, म्हणून हें नांव पडलें. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ दोन-सवादोन फूट लांब भरते आणि वजन सामान्यतः ३५ ते ५० किलो. देवळांतल्या कांसवाशीं तिची तुलना करावयास गेलें तर पहिल्याच पावलाला अडखळावें लागतें. समुद्री कांसवाला आपली मान व पाय कवचांत ओढून घेतां येतच नाहींत! पायांचीं वल्हीं झालेलीं. तीं पोहण्यासाठीं, लपण्यासाठीं नव्हेत. गोड्या पाण्यांतील व जमिनीवरील कांसवांना तो आश्रय आहे, हिला नाहीं. संकट आलें तर पुढें जावयाचें, एवढेंच तिला ठाऊक.

तिचें सारें आयुष्य पाण्यांत जातें. नर तर एकदां पिल्लूं म्हणून समुद्रांत शिरला कीं सहसा पुन्हां जमिनीवर पाऊल ठेवीत नाहीं. मादीला मात्र अंडीं घालण्याकरितां बाहेर यावें लागतें. कोंकणच्या किनाऱ्यावर हा काळ साधारणपणें नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. रात्रीं, पाण्याचा अंदाज घेऊन, ती लाटेबरोबर वाळूवर येते. पाण्यांत जें शरीर पिसासारखें हलकें, तें वाळूवर शिसाचें होतें. तें ओढीत ओढीत ती भरतीच्या रेषेच्या वर, मर्यादवेल जेथें पसरलेली असते तेथपर्यंत चढते. समुद्राची मर्यादा सांगणारी म्हणून ही वेल मर्यादवेल. कांसवीला तिचें नांव ठाऊक नसेल, पण अर्थ ठाऊक असतो. तेथें मागच्या वल्ह्यांनीं ती हातभर खोल, तोंडाला अरुंद व बुडाला रुंद, एखाद्या चंबूच्या घाटाचा खड्डा खणते. मागें वळून न पाहतां केलेलें हें काम इतकें रेखीव असतें कीं कुंभारानें मान डोलवावी. त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते. अंडीं पांढरीं, गोल, टेबलटेनिसच्या चेंडूएवढीं. कवच कोंबडीच्या अंड्यासारखें ठिसूळ नव्हे, चामड्यासारखें लवचिक, म्हणून एकमेकांवर पडून फुटत नाहींत. मग वाळू लोटून खड्डा बुजवते, आणि डावी-उजवीकडे डुलत पोटाच्या कवचानें ती वाळू चोपून घट्ट करते. ह्या वेळीं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतें. शास्त्रज्ञ सांगतात कीं तें दुःखाचें नव्हे. खाऱ्या पाण्यांत राहून अंगांत सांठलेलें जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून असें बाहेर पडतें. तासाभरांत सर्व आटोपून ती समुद्राकडे वळते आणि निघून जाते. त्या अंड्यांकडे ती पुन्हां कधींहि येत नाहीं.

येथें संतांच्या कांसवीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. ज्या आईनें केवळ नजरेनें पिल्लें वाढवावयाचीं, तिची आणि पिल्लांची दृष्टादृष्टसुद्धां होत नाहीं. ऊन हीच त्यांची दाई. वाळूच्या उबेनें अंडीं ४५ ते ६० दिवसांत उबतात. आणि नर कीं मादी हें देखील ती ऊबच ठरवते. २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास एक सीमा आहे. वाळू तिच्याहून उष्ण असली तर बहुतेक माद्या, थंड असली तर बहुतेक नर. पुढें पिल्लें बाहेर पडतात तीं कोल्ह्याकुत्र्यांच्या, कुर्ल्यांच्या, कावळ्याघारींच्या आणि पाण्यांत शिरल्यावर माशांच्या तोंडीं. हजार पिल्लांतून एखादेंच वाढून पुरतें मोठें होत असावें, असा जाणत्यांचा अंदाज आहे.

ह्या सर्व शत्रूंत माणूस असा एकच कीं जो घरटें चुकत नाहीं. वाळूवर उमटलेला कांसवीचा माग ट्रॅक्टरच्या चाकोरीसारखा स्पष्ट असतो. पहांटे तो माग पाहावयाचा, काठी खुपसून मऊ जागा शोधावयाची आणि अंडीं टोपलींत भरून न्यावयाचीं, हा कोंकणपट्टींतील किनाऱ्यांवर पूर्वीचा रिवाज होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें समुद्री कांसवांना वाघाच्या बरोबरीचें संरक्षण दिलें. पण कायदा मुंबई-दिल्लीस असतो आणि अंडीं वाळूंत असतात. गांवांतील एका वृद्ध गृहस्थांशीं ओटीवर बोलणें निघालें. त्यांनीं कांहीं न लपवितां सांगितलें, "तेव्हां आम्हींच खणायचों. अंडीं खाण्यांत पाप आहे असं कोणी सांगितलंच नव्हतं. माग दिसला कीं आनंद व्हायचा. आतांहि होतो. कारण तेवढं बदललं."

हें कारण कसें बदललें तें समजून घेण्यासारखें आहे. चिपळूणची सह्याद्रि निसर्गमित्र ही संस्था १९९२ पासून काम करीत आहे. तिचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची पाहणी करीत किनाऱ्यानें हिंडत असतां २००२ मध्यें वेळासला आले, आणि वाळूवर त्यांना लुटलेल्या घरट्यांतील अंड्यांचीं टरफलें दिसलीं. गरुडांच्या शोधांत निघालेलीं माणसें अशीं कांसवांजवळ थांबलीं. त्यांनीं गांवकऱ्यांवर फिर्याद केली नाहीं. त्यांना हाताशीं धरलें. ज्यांना माग ओळखतां येतो, ज्यांना अंधारांत घरट्याची जागा काठीच्या एका टोंचणीनें कळते, त्यांच्याहून चांगला रखवालदार कोठून आणावयाचा? खणणाराच राखणारा झाला. २००६ च्या सुमारास, पिल्लें सोडण्याच्या दिवसांत बाहेरच्या लोकांना बोलवावें, त्यांनीं गांवांतल्या घरींच उतरावें व जेवावें, म्हणजे कांसव जिवंत राहण्यांत गांवाला चार पैसे मिळतील, ह्या विचारानें कांसव महोत्सव सुरू झाला. पुढें वनखातें व कांदळवन प्रतिष्ठान ह्यांनींहि ह्या कामांत हात घातला. आज आंजर्लें, केळशी, गुहागर, वायंगणी अशा कितीतरी किनाऱ्यांवर हीच पद्धति चालते. कांसवमित्र हा शब्द त्या सर्व गांवांत रूढ झाला आहे.

पद्धति साधी आहे. शिस्त मात्र कडक. हंगामांत रखवालदार रात्रीं व पहांटे किनारा चालून काढतात. माग सांपडला कीं घरटें हलक्या हातानें उकरून अंडीं मोजून घेतात आणि घातल्यापासून थोड्याच तासांच्या आंत कुंपणांतल्या जागेंत नेतात. कारण कांहीं तास उलटले कीं अंड्यांतील गर्भ कवचाला चिकटतो. मग अंडें फिरलें तर तो दगावतो. कुंपणाच्या आंत मूळच्याच खोलीचे व घाटाचे खड्डे केलेले असतात. प्रत्येकावर तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. दिवस भरत आले कीं वर एक टोपली उपडी घालतात. पिल्लूं चोंचीच्या टोंकावरील इवल्याशा दातानें कवच फाडतें. पण एकटें वर येत नाहीं. सगळीं भावंडें मिळून वरची वाळू खालीं पाडीत पाडीत, जणूं एकाच पाळण्यांतून उठल्यासारखीं, वर चढतात. सकाळीं सातच्या व सायंकाळीं सहाच्या सुमारास टोपल्या उचलून पाहतात. पिल्लें असलीं तर तीं नेऊन पाण्यापासून कांहीं अंतरावर वाळूंत सोडतात. पाहणारांनीं दोरीच्या अलीकडे, खालीं बसून पाहावयाचें. हात लावावयाचा नाहीं, दिवे लावावयाचे नाहींत; कारण पिल्लूं उजेडाच्या रोंखानें जातें, आणि निसर्गानें त्याला शिकविलेला उजेड म्हणजे समुद्रावरचें मोकळें आकाश होय.

आमच्याबरोबर घरांतील मुलें होतीं व थोरल्या वहिनी होत्या. पहिल्या दिवशीं सकाळीं अंधारांत उठून, सुरूच्या बनांतून वाट काढीत सर्व मंडळी किनाऱ्यावर पोंचली. शेंदोनशें माणसें जमलेलीं. टोपल्या एकामागून एक उचलल्या गेल्या, आणि प्रत्येकीखालीं नुसती वाळू. कांसवमित्रानें हात जोडून सांगितलें, "आज सकाळीं नाहीं. संध्याकाळीं पाहूं." जमलेल्यांत नाराजी पसरली. एका गृहस्थांनीं तर, इतका खर्च करून आलों, एखादें घरटें उकरून दाखवायला काय हरकत आहे, असा वाद घातला. तो तरुण शांतपणें म्हणाला, "काका, दिवस भरल्याशिवाय घरच्या बाळंतिणीला आपण घाई करतो का?" ह्यावर त्या गृहस्थांना बोलावयाला कांहीं उरलें नाहीं. मला स्वतःला तो रिकामा सकाळचा प्रहर व्यर्थ गेला असें वाटलें नाहीं. जें वाटेल तेव्हां दाखवितां येतें त्याला खेळ म्हणतात. हा खेळ नव्हे, हें मुलांना सांगण्याचें काम त्या रिकाम्या टोपल्यांनीं केलें.

सायंकाळीं तिसऱ्या टोपलीखालीं वाळू हलत होती. प्रथम एक काळें टोंक, मग दुसरें, मग एकदम पांच-सात. शेवटीं मोजलीं तीं त्रेचाळीस भरलीं. बोटाच्या दोन पेरांएवढें अंग, वजन एखाद्या मोठ्या सुपारीएवढें, आणि आयुष्याची एवढी घाई! सोडल्याबरोबर तीं समुद्राच्या दिशेनें निघालीं. कोणी सरळ, कोणी तिरकें, कोणी माणसाच्या पाउलाच्या खळग्यांत पडून उलटें झालेलें व पुन्हां सुलटें होण्याच्या खटपटींत गुंतलेलें. पहिल्या लाटेनें दहाबारा नेलीं. उरलेल्यांतील एक फार अशक्त होतें. चार पावलें चालावें, थांबावें. पुन्हां दोन पावलें, पुन्हां थांबावें. लाट आली, तिनें त्याला उचललें आणि होतें त्याहूनहि मागें आणून टाकलें. धाकटी मुलगी रडूं लागली. वहिनींना राहवेना. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, एवढ्याशा जिवाला उचलून पाण्यांत सोडलंस तर काय बिघडेल?"

कांसवमित्र त्यांच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "काकू, मलाहि पहिल्या वर्षीं तसंच वाटायचं. पण हें चालणं त्याचं त्यालाच चालावं लागतं. ह्या वाळूची ओळख त्याला इथंच पटते. ती पटली तरच मोठी झाल्यावर मादी इकडे परत येते." पंधराएक वर्षांनीं वयांत आलेली मादी जन्मभूमीच्या आसपासच अंडीं घालावयास येते, हें आतां चांगलें ठाऊक झालें आहे, पृथ्वीच्या चुंबकत्वाची व किनाऱ्याची खूण पिल्लूं ह्या पहिल्या प्रवासांतच मनांत धरून ठेवीत असावें, असें शास्त्रज्ञांचें मत आहे. वहिनी गप्प राहिल्या. चौथ्या कीं पांचव्या लाटेनें तें पिल्लूं घेतलें. पाण्यावर क्षणभर एक काळा ठिपका हलला आणि दिसेनासा झाला. आपल्याकडे घरांतून बाहेर पडणारा 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतो. आणि निरोप देणारा 'ये' म्हणतो. वहिनींनीं हात जोडले आणि अगदीं हळू म्हटलें, "ये हो."

हीं येणारीं कोठें जातात आणि कोठून येतात, ह्याविषयीं अलीकडे जें कळलें आहे तें एखाद्या कथेहून कमी नाहीं. २५ जानेवारी २०२२ रोजीं ह्याच वेळासच्या किनाऱ्यावर अंडीं घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर, उपग्रहाशीं संधान ठेवणारें लहानसें यंत्र बसविण्यांत आलें. भारतीय वन्यजीव संस्था व कांदळवन प्रतिष्ठान ह्यांचा हा उपक्रम. पश्चिम किनाऱ्यावरील ही पहिलीच, म्हणून तिचें नांव प्रथमा ठेवलें. ती उत्तरेस गुजराथच्या समुद्राकडे गेली. पुढच्या वर्षीं गुहागरला यंत्र बसविलेली बागेश्री दक्षिणेस निघाली, ती लंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरांत पोंचली. त्याच्या उलट, २०२१ मध्यें ओरिसाच्या किनाऱ्यावर जिच्या वल्ह्याला क्रमांकाची पट्टी अडकविली होती अशी एक कांसवी जानेवारी २०२४ मध्यें गुहागरला अंडीं घालतांना सांपडली. ओरिसांत गहिरमाथा व ऋषिकुल्या येथें एकाच वेळीं लाखों कांसवी किनाऱ्यावर येतात; कोंकणांत त्या एकट्या-दुकट्या येतात. हीं दोन कुळें अगदीं निराळीं, असा समज होता. ह्या एका कांसवीनें साडेतीन हजार किलोमीटरांचा प्रवास करून त्या समजाला धक्का दिला. वेळासच्या वाळूवर घडणारी गोष्ट वेळासपुरती नसते, हें ह्यावरून ध्यानांत यावें.

येथपर्यंत वाचून सर्व कांहीं मनासारखें झालें असें कोणास वाटेल, तर तसें नाहीं. ३ जून २०२० रोजीं आलेलें चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्याला धडकलें आणि मंडणगड-दापोलीपर्यंतच्या बागा त्यानें आडव्या केल्या. त्या वादळाचें नांव निसर्ग होतें, हा योगायोग क्रूरच म्हणावयाचा. आजोबांनीं लावलेल्या नारळी-पोफळी नातवाच्या डोळ्यांदेखत एका दुपारीं गेल्या; त्याच वर्षीं साथीमुळें पाहुणे येणें बंद झालें होतें. अशा वेळीं पूर्वीचा रिवाज पुन्हां डोकें वर काढील, ही भीति अनाठायीं नव्हती. तथापि हंगाम आला तेव्हां किनाऱ्यावरची गस्त चालूच होती. ज्या गांवानें पाहुणे नसतांना आणि बागा गेल्या असतांना पाटीवर अंड्यांची संख्या लिहिणें सोडलें नाहीं, त्याचें हें व्रत केवळ पैशापुरतें आहे, असें म्हणणें अन्यायाचें होईल.

दुसरी काळजी समुद्रांतली. कांसव माशासारखें पाण्यांत श्वास घेत नाहीं. त्याला वर यावें लागतें. यांत्रिक नौकांच्या मोठ्या जाळ्यांत अडकलें तर तें गुदमरून मरतें. अडकलेलें संरक्षित जनावर सोडविण्याकरितां कोळ्यानें जाळें कापलें तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या अखेरीस सुरू केली. हा विचार योग्य वाटतो. भुकेल्याच्या पदरांतून दया काढून घेऊं नये. तिसरी काळजी उन्हाची. पृथ्वीचें तापमान वाढत आहे, आणि वाळू फार तापली तर निघतील त्या बहुतेक माद्याच निघतील. त्याहून तापली तर अंडींच करपतील. कुंपणावर सांवलीची जाळी बांधतां येते. साऱ्या कोंकणावर ती कोण बांधणार?

आणि चौथी काळजी आमच्यासारख्या पाहुण्यांची. ज्या गर्दीच्या पैशावर रक्षण चालतें, तीच गर्दी उद्यां रक्षणाच्या आड येऊं शकते. पाउलांचे खळगे, विजेऱ्यांचे झोत, छायाचित्रांसाठीं दोरीपुढें सरकणारे गुडघे, हीं सर्व त्या पिल्लांच्या वाटेंतलीं नवीं संकटें आहेत. सुदैवानें वेळासला अजून माणसें घरांतच उतरतात. पंगत ओटीवर बसते. तांदळाची भाकरी, कुळथाचें पिठलें, फणसाची भाजी, सोलकढी आणि मागितले तर उकडीचे मोदक. पान वाढतां वाढतां घरची बाई, उद्यां किनाऱ्यावर कसें वागावें, हें सहज सांगून जाते. अशा ठिकाणीं पाहुण्याला आपण कोणाच्या तरी घरीं आलों आहों ह्याची जाणीव राहते, आणि घर तेवढें त्या कुटुंबाचें नसून किनाऱ्यावर येणाऱ्या कांसवीचेंहि आहे, हेंहि उमजतें.

म्हणून ज्या कुटुंबांना जावयाचें असेल त्यांनीं फेब्रुवारीच्या अखेरपासून एप्रिलपर्यंतच्या काळांत, आधीं चौकशी करून, निदान दोन रात्रींच्या तयारीनें जावें. एका वेळेस पिल्लें दिसतीलच असें धरून चालूं नये. मुलांना बरोबर न्यावें, आणि घरांतील वृद्धांनाहि न्यावें; कारण वाळूंतील एवढ्याशा जिवाकडे पाहून जें मनांत येतें, तें बोलून दाखविण्याचे शब्द त्यांच्यापाशीं अधिक असतात. किनाऱ्यावर शिंपला उचलावा, कागदाचा कपटा टाकूं नये. रांगेत मागें उभें राहावें लागलें तर राहावें.

संतांच्या दृष्टांतांतील कांसवीविषयीं मात्र माझ्या मनांत आतां किल्मिष उरलेलें नाहीं. प्राणिशास्त्राच्या हिशेबीं तो दृष्टांत खरा ठरत नाहीं, हें उघड आहे. आई समुद्रांत निघून जाते आणि मागें वळून पाहत नाहीं. पण उपाशी न निजवितां, पाठीशीं उभें राहून, केवळ नजर ठेवून दुसऱ्याचीं लेंकरें वाढवितां येतात, एवढी गोष्ट तर त्यांत खरी आहे ना? ऐन थंडीच्या दिवसांत, पौषाच्या रात्रीं, कानटोपी घालून व हातांत काठी घेऊन, भरतीच्या रेषेनें दोन माणसें वेळासचा किनारा चालत असतात. त्यांची नजर वाळूवर खिळलेली असते. पिल्लांना तिचा पत्ता नसतो, आणि ज्या कांसवीसाठीं ते जागतात तिलाहि नसतो. ती दृष्टि आहे तोंवर वाळूखालचीं अंडीं निश्चिंत आहेत.